सभासद होण्याचे वय
(सुवर्णमहोत्सवानिमित्त महादेवपुरा येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थापकांचे स्मरण करावे, गतकाळाचा गौरव करावा आणि पुढील पन्नास वर्षांस शुभेच्छा देऊन खाली बसावे, असा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य आहे. तथापि ते कर्तव्य या स्मरणिकेतील अन्य लेख अधिक योग्य रीतीने पार पाडतील. आम्ही आपला वेळ मागतो तो एका प्रश्नासाठी, आणि तो प्रश्न आहे आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा.

आपल्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणावा. आरंभी चिमुकल्यांची नृत्ये होतात आणि आईवडील कौतुकाने छायाचित्रे घेतात. अखेरीस प्रौढांचे नाटक होते, त्याच्या तालमी दोन महिने चाललेल्या असतात. या दोहोंच्या मधली, तेरा ते सोळा वर्षांची मुले कोठे असतात? काही शिकवणीच्या वर्गात असतात, काही घरी; आणि जी आलेली असतात ती मागच्या भिंतीशी उभी राहून प्रसादाची वाट पाहत असतात. ज्या मुलीने सातव्या वर्षी याच रंगमंचावर टाळ्या घेतल्या, ती चौदाव्या वर्षी आपली राहिलेली नसते, आणि पंचविसाव्या वर्षी ती वर्गणी भरावयास परत येईल अशी आशा आपण बाळगतो. संस्था सभासदांच्या अभावी मरतात हे खरे. परंतु तो अभाव पन्नासाव्या वर्षी निर्माण होत नाही, मुलांच्या चौदाव्या वर्षी होतो.

या परिसराचा इतिहास येथे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. बेंगळुरूच्या पूर्व भागात मराठी माणूस नोकरीनिमित्त आला, तो प्रामुख्याने कारखान्यांच्या ओढीने. १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला, आणि १९४८ साली दूरवाणी यंत्रांचा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्यांच्या वसाहतींत मुलांचा मोकळा वेळ कोणी आखून देत नसे. मैदान होते, हाकेच्या अंतरावर सवंगडी होते, आणि भांडण मिटवावयास कोणी वडीलधारा धावून येत नसे. पुढे १९९० नंतरच्या दशकात व्हाइटफील्डजवळ संगणक उद्योगाचे उद्यान झाले, तळी आणि नाचणीची शेते यांच्या जागी इमारती आल्या, आणि २००७ साली महादेवपुऱ्याची नगरसभा महानगरपालिकेत विलीन झाली. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या मुलांचा दिवस शाळेची बस, शिकवणी आणि उद्वाहक या तीन पेट्यांत जातो.

सोयी कमी आहेत असे मात्र कोणी म्हणू नये. मोठ्या निवासी संकुलांत ‘क्लब हाउस’ असते, तरणतलाव असतो, बुद्धिबळाचा, गिटारचा, यंत्रमानव बनविण्याचा वर्ग असतो. शाळांतूनही साधने आली आहेत. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ पासून देशभरातील हजारो शाळांत उभ्या राहिल्या, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांमध्ये भिंत असू नये असे स्पष्ट म्हटले. हे धोरणही अगदी नवे म्हणता येणार नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शिक्षणाचा विचार करताना अशा उपक्रमांना शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले होते. मग उणीव कशाची आहे?

आमच्या मते उणीव एका भेदाच्या जाणिवेची आहे. वर्ग निराळा आणि मंडळ निराळे. वर्गात मूल शुल्क देते आणि शिकविणारा शिकवितो. तेथे मूल गिऱ्हाईक असते. मंडळात मूल सभासद असते. तेथे काय करावयाचे, केव्हा करावयाचे, पैसे कोठून आणावयाचे आणि फसल्यास काय करावयाचे, हे त्यालाच ठरवावे लागते. आपल्या मुलांना वर्ग अनेक आहेत, मंडळ एकही नाही. दर तासाच्या हिशेबाने घेतलेला छंद ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु त्यातून सभा चालविणे, मतदानात हरणे आणि हरल्यावरही खुर्च्या उचलावयास थांबणे, हे शिकावयास मिळत नाही.

या बाबतीत आपली परंपरा तोकडी नाही. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. निबंध वाचावेत आणि त्यांवर वाद करावा, इतकाच तिचा आरंभ होता. देशी भाषांतून ज्ञान पसरावे म्हणून तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. मुलींच्या शिक्षणावर चर्चा करणाऱ्या या तरुणांनी पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, मुलींच्या शाळा काढल्या. पैसा नव्हता, म्हणून सभासद स्वतःच सकाळच्या वेळी विनावेतन शिकवीत. त्यांत दादाभाई नौरोजी होते. त्यांचे वय तेव्हा चोवीसच्या आसपास होते. ही मंडळी आजच्या हायस्कुलातील मुलांपेक्षा वयाने मोठी होती हे खरे. परंतु बोध वयाचा नाही, क्रमाचा आहे. आधी सभा, मग वाद, मग काम. कोणी त्यांस प्रमाणपत्र देणार नव्हते. किंबहुना समाजातील अनेकांचा रोषच पदरी पडावयाचा होता.

दुसरे उदाहरण याच शहरातील आहे. हिंदुस्थानात बालवीर चळवळीचा आरंभ १९०९ साली बेंगळुरू येथे कॅप्टन बेकर यांच्या पथकाने झाला. त्या चळवळीची रचना पाहण्यासारखी आहे. सहा ते आठ मुलांची एक तुकडी, आणि तिचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा. मोठ्या माणसाने नायकाशी बोलावे आणि नायकाने तुकडीशी. जबाबदारी खरी असेल तर चौदा वर्षांचे मूल ती पेलते, हा विश्वास त्या रचनेच्या मुळाशी आहे. परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. आरंभीची ही पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. हिंदी मुलांना दार बंद होते. म्हणून ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने वेगळ्या बालवीर संघटना उभ्या राहिल्या, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी त्या सर्वांची मिळून ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही एक संस्था झाली. मुलांचे मंडळ काढताना पहिला प्रश्न उपक्रमांचा नसून दाराचा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

तिसरे स्मरण अमळनेरचे. १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिकविताना आणि छात्रालय सांभाळताना साने गुरुजींनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले; ते गुरुजी स्वतः लिहीत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. मुलांसाठी झिजणारा शिक्षक म्हणून आपण गुरुजींना वंदन करतो. परंतु ज्या साधनांनी ते हे करीत त्यांकडेही पाहावे. कागद, दौत आणि रोज सकाळी वाचावयास उत्सुक असलेली मुले, एवढेच ते भांडवल होते. उपक्रमांस पैसा लागतो या समजुतीस यापरते उत्तर नाही.

आता पालकांच्या आक्षेपाकडे वळू. दहावीचे गुण, त्यानंतर अभियांत्रिकीच्या आणि वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षा, ही चिंता खोटी नाही. नोकरीच्या भरवशावर परगावी आलेल्या माणसाला मुलाच्या शिक्षणाखेरीज दुसरी इस्टेट नसते. म्हणून अशा मंडळामुळे गुण वाढतील असे आश्वासन आम्ही देणार नाही. आठवी-नववीच्या मुलांचे आठवड्यातून दोन तास आम्ही मागतो, आणि दहावीच्या परीक्षेपूर्वीचे महिने सोडून देतो. दुसरे काही पालक याच्या उलट टोकाला जातात. परदेशी विद्यापीठांच्या अर्जात अभ्यासेतर कार्याचा रकाना असतो, तो भरण्यासाठी ते मुलास समाजसेवेला धाडतात. या दोन्ही प्रकारांत दृष्टी एकच आहे. मुलाचा वेळ म्हणजे गुंतवणूक, आणि तिचा परतावा मोजता आला पाहिजे. मैत्री, निष्ठा आणि सार्वजनिक कामाची गोडी यांचा परतावा मोजता येत नाही. ती नसलेल्या वस्तीत राहण्याची किंमत मात्र सर्वांस मोजावी लागते.

ती किंमत महादेवपुऱ्याने मोजलेली आहे. २०१५ साली वर्तूर तळ्याचा फेस रस्त्यावर आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये बेळ्ळंदूर तळ्याने पेट घेतला. सप्टेंबर २०२२ च्या पावसात या भागातील सुशिक्षित, सुस्थित लोक ट्रॅक्टरवर बसून कामावर गेले. बेंगळुरूची तळी जुन्या लोकांनी एकमेकांस जोडून बांधली होती. वरचे भरले की जादा पाणी ‘राजकालुवे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओढ्यांनी खालच्यात जाई, आणि बेळ्ळंदूर-वर्तूर मार्गे ते दक्षिण पिनाकिनीस मिळे. ओढ्यांवर बांधकाम झाले, तळ्यांत सांडपाणी सोडले गेले. मग पाण्याने आपली वाट आपण शोधली. ही गोष्ट आपल्या मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात नाही, परंतु त्यांच्या गच्चीवरून दिसते.

म्हणून या मंडळापुढे आमची एक निश्चित सूचना आहे. दर शनिवारी सायंकाळी पाच ते सात हे सभागृह मुलांच्या स्वाधीन करावे. पंधरा-वीस मुले जमली तरी पुरे. त्यांनी आपला अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार निवडावा, दर सहा महिन्यांनी तो बदलावा, आणि इतिवृत्त लिहावे. मंडळाने वर्षारंभी एक लहानशी रक्कम त्यांच्या खजिनदाराच्या हाती द्यावी, आणि हिशेब वार्षिक सभेत त्यानेच मांडावा. पैसे वाया गेले, तर कसे गेले हे चारचौघांत सांगणे हाही शिक्षणाचाच भाग होय. दोन जबाबदार प्रौढ, त्यांत एक स्त्री, आळीपाळीने उपस्थित राहावेत; मुलींस सुखरूप घरी पोहोचविण्याची व्यवस्था असावी. मात्र या प्रौढांनी सूत्रे हाती घेऊ नयेत, आणि विचारल्यावाचून सल्ला देऊ नये. प्रमाणपत्र कोणासही देऊ नये.

मुले काय करतील, हे आपण ठरवावयाचे नाही. तरी उदाहरणादाखल सांगतो. जवळच्या एका तळ्याची वही ठेवता येईल. महिन्यातून एकदा, मोठ्यांसमवेत, काठावरूनच पाण्याचे तपमान घ्यावे, दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते हे पाहावे, आम्लता दाखविणारा कागद बुडवावा, पक्षी मोजावेत. तीन वर्षांच्या नोंदी हाती असलेल्या मुलांचे म्हणणे कोणत्याही कार्यालयात ऐकून घ्यावे लागेल. भित्तिपत्रक काढता येईल. मोठ्यांच्या नाटकात नोकराची भूमिका करण्यापेक्षा स्वतःचे नाटक लिहिता येईल. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ काढून मुलांच्या नाटकास मराठीत मानाचे स्थान मिळवून दिले, त्याला आता साठाहून अधिक वर्षे लोटली.

आणि दार? ते उघडे असावे. शेजारची कानडी, तेलुगू, तमिळ मुले यावीत. आपल्या इमारती बांधणाऱ्यांची आणि आपल्या घरी कामास येणाऱ्यांची, सरकारी शाळेत शिकणारी मुलेही यावीत. मग मराठीचे काय, असा प्रश्न काही ज्येष्ठ मंडळी विचारतील, आणि तो रास्त आहे. पाठांतराच्या स्पर्धांनी भाषा आठ वर्षांच्या मुलाच्या जिभेवर बसते. ती चौदाव्या वर्षी टिकते केवळ तेव्हा, जेव्हा तिच्यात काही काम करावयाचे असते. इतिवृत्त मराठीत लिहावे आणि कानडीत वाचून दाखवावे, असे मुलांनी ठरविले, तर दोन्ही भाषांचे कल्याणच होईल. ज्या राज्याचे अन्न आपण खातो त्याची भाषा आपल्या मुलांनी मैत्रीतून शिकावी, याहून चांगली रीत कोणती?

मंडळाच्या संस्थापकांनी परक्या गावात कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता वर्गणी गोळा केली, जागा मिळविली, भांडणे केली आणि मिटविली. त्यांचे खरे भांडवल ते होते. ही वास्तू नंतरची. ते भांडवल वारशाने देता येत नाही. प्रत्येक पिढीस ते स्वतःच जमवावे लागते, आणि त्यासाठी जागा व मोकळीक देणे एवढेच वडिलांच्या हाती असते. पुढील सर्वसाधारण सभेत शनिवारच्या दोन तासांचा ठराव यावा, आणि त्यावर बोलण्यासाठी प्रथम आठवी ते दहावीच्या मुलांस बोलवावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.