उठायला वेळ लावणारा लॅपटॉप

सकाळी बटण दाबावे, आत जाऊन चहा टाकावा, गाळावा, प्यावा, कपबशी विसळून ठेवावी आणि परत येऊन पाहावे, तो पडद्यावरचे ठिपक्यांचे चक्र अजून फिरतेच आहे! गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपने ही तऱ्हा आरंभली. घड्याळ लावून पाहिले, तर अकरा मिनिटे. दुकानदार म्हणाला, "सर, वय झालं याचं. नवा घ्या." यंत्र नऊ वर्षांचे. चाळिशी उलटलेल्या माणसाला असले निदान पटत नाही.

एक विद्यार्थी मदतीला आला. त्याने विचारले, "सर, रिस्टार्ट कधी केला होता?" म्हटले, "अरे, रोज रात्री बंद करतो की!" तेव्हा कळले की, या दोन गोष्टी एक नव्हेत. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असली म्हणजे 'शट डाउन' केले तरी यंत्रणेचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. म्हणजे कालचा घोळ आज पुढे चालू! रिस्टार्टने मात्र पाटी कोरी होते.

आमचे तेवढ्याने भागले नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून त्याने टास्क मॅनेजर उघडला. त्यातल्या 'स्टार्टअप' सदरात न बोलावता पंगतीला बसलेली मंडळी सापडली. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन तासांसाठी घेतलेली तीन सॉफ्टवेअर्स, विकून टाकलेल्या प्रिंटरचे एक, गाण्यांचे एक. सगळी 'डिसेबल' केली. पहारेकरी अँटिव्हायरस तेवढा राहू दिला. अकराची आठ मिनिटे झाली.

मग त्याचे लक्ष डिस्कच्या आकड्याकडे गेले. कामाचा भार शंभर टक्के, आणि वाचून होत होते जेमतेम काही. ही जुनी, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी डिस्क. तिच्यावरची एखादी जागा खराब झाली, की ती तीच जागा पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि बाकीचे सारे खोळंबते. त्याने कान लावला. आत टक्‌टक् वाजत होते. "सर, आता काही करू नका. आधी यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या."

खरे तर पहिल्याच दिवशी करायचे काम ते. आमच्या खटपटीत दोन दिवस गेले होते.

त्या डिस्कवर माझ्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, एकेचाळीस. तिच्या शेवटच्या वर्षात मी त्या मुद्रित केल्या होत्या. दुसरी प्रत करीन करीन म्हणत राहिलो. रात्रभर नकल चालली. एकोणचाळीस आल्या.

पुढे त्याने फिरता भागच नसलेली एसएसडी बसवली. लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात उठतो. राहिलेल्या दोन ओव्या गावी मावशीला येत असतील. दिवाळीत जाईन तेव्हा विचारणार आहे.