जीव वाचल्यानंतर : मेंदूची इजा आणि पुनर्वसन

(रुग्णालयातील परिचारिका, उपचारतज्ज्ञ, शुश्रूषा साहाय्यक व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर पुनर्वसन विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



मेंदूला इजा झालेला रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर आला की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. जीव वाचला, आता सारे पूर्ववत होईल, अशी त्यांची स्वाभाविक समजूत असते. शल्यचिकित्सकांचे कार्य तोपर्यंत बहुतांशी पार पडलेले असते. परंतु परिचारिका, मावशी, उपचारतज्ज्ञ आणि घरची माणसे यांचे कार्य तेथूनच सुरू होते. ते जाणतेपणाने व्हावे, या हेतूने आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

प्रश्न किती मोठा आहे, हे प्रथम ध्यानात घेऊ. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होत्या. जखमींची संख्या ४,४३,३६६ होती. मृतांची मोजदाद होते. जखमींपैकी किती जण पुन्हा कामावर रुजू झाले आणि किती जण घराच्या एका कोपऱ्यात बसून राहिले, हे मात्र या आकड्यांत दिसत नाही.

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. वेगात असलेले डोके अचानक थांबले की कवटी थांबते, पण आतील मेंदू पुढे सरकून कवटीच्या खडबडीत तळावर घासतो. म्हणूनच मार कोठेही लागला असला, तरी कपाळामागील व कानशिलांमागील भागांना इजा होण्याचा संभव अधिक असतो. शिवाय झटक्याने मेंदू पिळला गेल्यास आतील सूक्ष्म तंतू ताणले जातात, तुटतात, आणि सीटी स्कॅनमध्ये ते दिसतीलच असे नाही. ही पहिली इजा. त्यानंतरच्या तासांत व दिवसांत सूज, रक्तस्राव, प्राणवायूची कमतरता किंवा खाली गेलेला रक्तदाब यांमुळे जी हानी होते, ती दुसरी इजा. पहिली इजा आपल्या हाती नसते; दुसरी टाळण्यासाठीच अतिदक्षता विभागाची सारी धडपड चाललेली असते.

रुग्णाच्या कागदांवर आपण ‘जीसीएस’ ही अक्षरे पाहिली असतील. ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ही मोजपट्टी मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिन्हींचे गुण मिळून किमान ३ व कमाल १५ अशी बेरीज होते. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. ही मोजपट्टी शुद्धीची आहे. १५ गुण मिळालेला रुग्ण पूर्वीसारखा झाला, असा तिचा अर्थ मुळीच नाही, हे नातेवाइकांना समजावून सांगणे आपले कर्तव्य आहे.

शुद्ध दिवा लागावा तशी एकाएकी येत नाही, ती टप्प्याटप्प्याने परतते. त्यांतील एक टप्पा सर्वांचीच परीक्षा पाहणारा असतो. रुग्ण जागा असतो, पण आपण कोठे आहोत, का आहोत, हे त्याला उमगत नाही. तो नळ्या ओढतो, ओरडतो, शिव्या देतो, पलंगावरून उतरू पाहतो. ज्याने आयुष्यात कधी अपशब्द उच्चारला नाही, त्याच्या तोंडून ते ऐकून आई-वडील खचून जातात. हा त्याचा खरा स्वभाव बाहेर आलेला नसतो, तसेच त्याला बाहेरची बाधाही झालेली नसते. गोंधळलेला मेंदू भीतीने प्रतिकार करीत असतो, आणि पुष्कळदा हा टप्पा सुधारणेच्याच वाटेवर येतो.

अशा वेळी त्याचे हात बांधावेत असे सर्वांच्याच मनात येते. बांधलेला रुग्ण मात्र बहुधा अधिकच झटापट करतो. म्हणून आधी कारण शोधावे. मूत्राशय भरले आहे काय? बद्धकोष्ठ आहे काय? ताप, वेदना, घट्ट बसलेली पट्टी, एकाच कुशीवर फार वेळ झोपणे, यांपैकी काही आहे काय? प्राणवायू कमी पडत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. खोलीतील दूरदर्शन संच बंद करावा, दिव्यांचा झगमगाट कमी करावा, एका वेळी एकानेच बोलावे. उपचार करणारी माणसे शक्य तोवर तीच असावीत. ‘सिस्टर रोज बदलतात’ ही नातेवाइकांची तक्रार आपल्याला किरकोळ वाटते. या रुग्णाच्या बाबतीत ती वैद्यकीय महत्त्वाची आहे.

येथे भेटीस येणाऱ्यांविषयीही सांगावेसे वाटते. प्रत्येक आप्त खाटेशी येऊन विचारतो, “ओळखलंस का मला? सांग पाहू मी कोण?” त्यामागे माया असते, पण रुग्णाच्या वाट्याला दिवसातून वीस वेळा परीक्षा येते, आणि तीत तो अनुत्तीर्ण होतो. ज्याची स्मरणशक्ती दुबळी झाली आहे, त्याने अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तरच पुष्कळदा त्याच्या मनात पक्के बसते. ॲलन बॅडली व बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, तीव्र विस्मरण असलेल्या व्यक्ती चुका करीत शिकण्यापेक्षा चूक होऊ न देता शिकविल्यास अधिक चांगल्या शिकतात. म्हणून विचारू नये, सांगावे. “मी तुझी सुमनकाकू. आज मंगळवार. तू रुग्णालयात आहेस, तुझा अपघात झाला होता, आता बरे वाटते आहे.” एवढे बोलणे शांतपणे, रोज, त्याच शब्दांत व्हावे. खाटेसमोर वार, तारीख व ठिकाण लिहिलेली पाटी, घड्याळ आणि घरातील एक छायाचित्र असावे. यास खर्च जवळजवळ नाही.

शरीराच्या काळजीचे नियम आपणांस ठाऊक आहेत. येथे केवळ उजळणी करतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, म्हणजे शय्याव्रण होत नाहीत. सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय योग्य स्थितीत ठेवणे व हलविणे. गिळण्याची क्षमता तपासल्याविना तोंडाने पाणी न पाजणे. ‘घोटभर चहा दिला तर काय बिघडते?’ असे म्हणून प्रेमाने दिलेला चहा श्वासनलिकेत गेला, तर न्यूमोनिया होतो. आकडी येऊ नये म्हणून दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नये.

आता न दिसणाऱ्या इजेकडे वळतो. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाच्या कामावरील फिनीआस गेज या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने उडालेली सुमारे ६ किलो वजनाची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला. परंतु त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी नोंदविले की, पूर्वी कामात चोख असलेला हा माणूस लहरी, उतावळा व शिवराळ झाला, आणि मित्र म्हणू लागले की हा आता पूर्वीचा गेज राहिला नाही. ही कथा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. १८५२ पासून पुढे काही वर्षे गेज याने चिली देशात घोडागाडी हाकण्याचे काम केले. ठरलेली वेळ, ठरलेला मार्ग, रोज तीच कामे अशी ती नोकरी होती. बांधीव दिनक्रमाने त्याच्या वागण्यालाही पुष्कळ स्थैर्य आले असावे, असे अलीकडील काही अभ्यासकांचे मत आहे.

कपाळामागील भागास इजा झालेल्या रुग्णांत आपल्याला हेच दिसते. एक दिवसभर बसून राहतो. सांगितले तर आंघोळ करतो, न सांगता उठत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात. वास्तविक, कामास आरंभ करण्याची प्रेरणाच क्षीण झालेली असते. दुसरा क्षुल्लक कारणाने भडकतो आणि पाच मिनिटांत विसरतो. बायको मात्र विसरू शकत नाही. तिसऱ्याला आपल्यात काही बदल झाला आहे, हेच मान्य नसते. तो मोटरसायकलची किल्ली मागतो. चौथा लवकर थकतो, गर्दीत त्याचे डोके भणभणते. हातापायांवर प्लास्टर नसल्याने शेजारीपाजारी म्हणतात, ‘धडधाकट तर दिसतो.’ या सर्वांना गेजच्या उत्तरार्धातील औषध लागू पडते : वेळापत्रक, एका वेळी एकच काम, थोडक्यात सूचना, कामानंतर विश्रांती. रागाच्या क्षणी वाद न घालता विषय बदलावा. वाहन चालविण्यास व कामावर परतण्यास डॉक्टरांच्या अनुमतीची वाट पाहावी. मद्य पूर्णतः वर्ज्य असावे.

पुनर्वसनाचे आणखी एक तत्त्व रशियन मेंदूशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांच्या कार्यातून शिकता येते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, झासेत्स्की नावाच्या सैनिकाच्या मेंदूच्या डाव्या भागात गोळी शिरली. त्याला अक्षरे ओळखता येईनात. एकेक अक्षर आठवून लिहिताना तो हैराण होई. तेव्हा त्याला, अक्षरांचा विचार न करता, हात न उचलता सबंध शब्द एका झटक्यात लिहावयास सांगण्यात आले, आणि हाताने ते लिहिले. हाताची जुनी सवय शाबूत होती. त्या आधारावर त्याने पुढील सुमारे पंचवीस वर्षांत आपल्या अनुभवाची तीनेक हजार पाने लिहिली. स्वतःचे लिहिलेले वाचणे त्याला अखेरपर्यंत कष्टाचेच होते. गेलेल्या क्षमतेचा शोक करीत बसण्याऐवजी कोणती क्षमता शाबूत आहे हे शोधावे आणि तिच्या आधाराने वाट काढावी, हा त्याचा बोध. ज्या गृहिणीला पाककृती आठवत नाही, तिच्या हाती लाटणे दिल्यावर पोळी गोल होऊ शकते. हे उपचारकक्षात समजत नाही, स्वयंपाकघरात समजते. म्हणून आम्ही नातेवाइकांना विचारतो : अपघातापूर्वी याचा हात कशावर बसलेला होता? भजन, पेटी, सुतारकाम, हिशेब, शेती?

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पुढे वेग मंदावतो. परंतु ती वर्षानुवर्षे चालू राहू शकते. सहा महिन्यांनंतर काही होत नाही, असे सांगून कोणालाही निराश करू नये. त्याचप्रमाणे सारे पूर्ववत होईल, असे खोटे आश्वासनही देऊ नये. या दोहोंमधील सत्य सांगावयास वेळ लागतो, आणि तो वेळ देणे हाही उपचारच आहे.

विश्वस्त व देणगीदार यांच्यापुढे आता आमचे निवेदन ठेवतो. अपघातग्रस्तांसाठी केंद्र शासनाने २०२५ साली लागू केलेल्या विनारोकड उपचार योजनेत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. ती स्वागतार्ह आहे. पण आम्ही आज ज्याविषयी बोललो, ते बहुतेक सारे आठव्या दिवसानंतरचे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. मेंदूची इजा हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही. लंगडणाऱ्या पायाची टक्केवारी काढता येते. हरवलेल्या संयमाची काढणे कठीण. परिणामी हा भार बहुधा एका पत्नीवर, एका आईवर किंवा एका सुनेवर पडतो, आणि ती नोकरी सोडते, झोप सोडते, बोलणेही सोडते. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळणे, हीदेखील रुग्णसेवाच होय.

देणगीतून यंत्र आले की त्यावर नाव कोरता येते. व्यवसायोपचारतज्ज्ञाचे वेतन, घरी जाऊन भेट देणाऱ्या परिचारिकेचा प्रवासखर्च, नातेवाइकांसाठी मासिक मेळावा, यांवर नाव कोरता येत नाही. तरीही आपल्या औदार्यातील काही वाटा या अदृश्य कामासाठी राखून ठेवावा, ही आमची नम्र विनंती.

परिचारिका भगिनींनो व सहकाऱ्यांनो, उपचारतज्ज्ञ रुग्णासोबत दिवसातून तासभर असतात. उरलेले तेवीस तास तो आपल्या व घरच्यांच्या सहवासात असतो. त्याला उठविताना, भरविताना, कूस बदलताना आपण जे बोलता आणि ज्या धीराने वागता, त्यातच त्याचे पुनर्वसन घडत असते. नातेवाइकांनीही आपल्या शंका, त्या कितीही लहान वाटोत, आम्हाला निःसंकोचपणे विचाराव्यात.