कागदाची पेटी



आज मी तुमच्यापुढे कागदाविषयी चार शब्द बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजींचा जन्म कागदात गेला, आता आम्हालाही कागदच सांगतात! पण मी पुस्तकाच्या कागदाविषयी बोलत नाही. आकाशकंदील, मखर, पताका, कागदी फुले, पिशव्या ज्या कागदाच्या होतात, त्या कागदाविषयी बोलतो आहे.

हे काम आपल्यातल्या कितीतरी घरांत होते. गणपतीला मखर लागते. दिवाळीला कंदील लागतो. संक्रांतीला पोरांना पतंग लागतो. लग्नकार्यात मांडवाला पताका लागतात. कोणी हौसेने करतो, कोणी विकून चार पैसे मिळवतो. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ साली महाराष्ट्रात बंदी आली. १ जुलै २०२२ पासून ती साऱ्या देशात लागू झाली. ही बंदी कोण किती पाळतो, ते तुम्ही बाजारात बघताच. तरी पण कागदाच्या मखराला मान मिळू लागला, हे खरे.

आता काम येते, हात चालतो, मग पैसा कुठे बुडतो? माल करताना बुडत नाही. माल ठेवताना बुडतो. श्रावणात आणलेला कागद अश्विनात काढावा, तर त्याला ओल लागलेली. कडा वाकड्या झालेल्या. लाल कागदाचा रंग पांढऱ्याला लागलेला. एक ताव उंदराने कुरतडलेला. दिवाळी आठ दिवसांवर आलेली. मग धावत जायचे आणि मिळेल त्या भावाने कागद आणायचा. हातात पैसा नसला तर उसना आणायचा. कंदील विकले जातात, पण मिळकत कागदवाल्याच्या घरी जाते.

म्हणून आधी शत्रू ओळखू या. कागदाचे शत्रू पाच.

पहिला शत्रू ओल. कागद झाडाच्या, बांबूच्या, चिंध्यांच्या तंतूंचा केलेला असतो. हे तंतू हवेतले पाणी पितात आणि फुगतात. म्हणून पावसाळ्यात कागद लाटेसारखा होतो. ओल फार दिवस राहिली की बुरशी येते. बुरशीचा डाग जात नाही.

दुसरा शत्रू ऊन. ऊन रंग खाते. खिडकीजवळ ठेवलेला गुलाबी कागद महिन्या-दोन महिन्यांत फिका पडतो. ओल गेली पाहिजे म्हणून पुष्कळ जण रंगीत कागद उन्हात पसरतात. तसे करू नये. रिकामी पेटी उन्हात ठेवावी आणि कागद सावलीत, वाऱ्यावर ठेवावा.

तिसरा शत्रू किडे. कसर, झुरळ आणि वाळवी. कसर म्हणजे तो चंदेरी, चपळ किडा. पेटी उघडली की सुळकन पळतो, तोच. त्याला आणि झुरळाला खळ फार आवडते. खळ पिठाची असते ना! वाळवी मात्र कागदच खाते. ती जमिनीतून येते आणि भिंतीवरून मातीची नळी करून चढते.

चौथा शत्रू उंदीर. त्याच्याविषयी जास्त सांगायला नको.

पाचवा शत्रू आपला गबाळेपणा. कात्री सापडत नाही, म्हणून विळीवर कागद कापला जातो. सोनेरी कागद घरात असतो, पण कुठे आहे ते ठाऊक नसते, म्हणून दुसरा आणला जातो. पहिल्या चार शत्रूंनी जेवढे खाल्ले नसेल, तेवढे हा पाचवा खातो.

आता उपाय ऐका. मोठे कपाट नको. पत्र्याची एक जुनी पेटी पुरे. पेटी जमिनीवर टेकवू नये. खाली चार विटा द्याव्यात. भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. असे केले की वाळवी आली तर विटेवर तिची नळी दिसते. आठवड्यातून एकदा वाकून बघावे. नळी दिसली की मोडावी आणि जागा झाडून काढावी. चुलीजवळ पेटी नको. कागदाला ठिणगीचे भय असते.

पेटीच्या तळाशी धुतलेले, कोरडे फडके घालावे. त्यावर पुरे ताव सपाट ठेवावेत. मोठा ताव मावत नसेल, तर एक सैल घडी चालेल, पण काम ज्या आकाराचे करायचे त्याच मापावर घडी घालावी. घट्ट सुरळी करू नये. सुरळी करून ठेवलेला कागद पुन्हा सुरळीच होऊ बघतो, मग तो नीट चिकटत नाही. पतंगी कागदाचा रंग ओलीने सुटतो. म्हणून दोन रंगांमध्ये एक कोरा कागद घालावा. तिथे वर्तमानपत्र घालू नये. त्याची शाई पांढऱ्या कागदाला लागते. घोटीव कागद, जिलेटीनचा कागद, सोनेरी-रुपेरी कागद, प्रत्येकाची थप्पी वेगळी करावी. थप्पी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून वरून फडके बांधावे.

हे फडके बांधणे काही नवे नाही बरे का! पुण्याच्या पेशवे दफ्तरात दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद आजही वाचायला मिळतात. ते कागद कापडात बांधून ठेवीत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. कापड धूळ अडवते, उजेड अडवते. राज्य गेले, पण कागद राहिला. आपले तर साधे कंदिलाचे काम!

कडुनिंबाचा पाला घालावा का, असे बायका नेहमी विचारतात. घालावा. पण तो सावलीत खडखडीत वाळवून, पुरचुंडीत बांधून घालावा. ओला पाला घातला तर कागदाला डाग पडेल. आणि पाल्यावर सगळा भार टाकू नये. खरा उपाय म्हणजे कोरडी पेटी आणि महिन्यातून एकदा झाडझूड. पावसाळ्यात चांगले ऊन पडले, तो दिवस सोडू नये.

कातरण कधी पेटीत तशीच कोंबू नये. कंदील कापला की तुकडे उरतात. मोठ्या तुकड्याची करंजी होते. लांब तुकड्याच्या झिरमिळ्या होतात. बारीक तुकड्याचे फूल होते. जुन्या लग्नपत्रिकांची तीन पाकिटे करावीत आणि तुकडे त्यांत निवडून ठेवावेत. बोटाएवढाही न उरलेला तुकडा मात्र टाकून द्यावा. सगळेच साठवले तर काहीच सापडत नाही.

कात्री, पट्टी, सुई, दोरा आणि पेन्सिल एका झाकणाच्या डब्यात असावीत. पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर डबा ठेवावा. पावसाळ्यात कात्रीला खोबरेल तेलाचे बोट फिरवावे म्हणजे गंज चढत नाही. काम सुरू करताना ती कोरडी पुसावी, नाही तर पहिल्याच तावाला तेलाचा डाग पडेल.

बांबूच्या कामट्या कागदाच्या पेटीत नकोत. बांबूला भुंगा लागतो. कामटीखाली पिवळसर भुकटी पडली की समजावे, आत किडा आहे. ताजा बांबू काही दिवस पाण्यात बुडवून ठेवला, मग सावलीत वाळवला, तर त्यातला पिठूळ अंश धुऊन जातो आणि भुंगा कमी लागतो. वाळलेल्या कामट्या जुडी बांधून आढ्याला टांगाव्यात.

खळ रोजच्या रोज करावी. एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी घ्यावे आणि ढवळत शिजवावे. उरली तर ती दुसऱ्या दिवशी आंबते. काही जण तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विष आहे. पोरांच्या घरात ते नको. ताजी खळ बरी. आणि खळीचे भांडे पेटीत कधीच ठेवू नये. कसरीला ते जेवणाचे आमंत्रणच!

आता शेवटची गोष्ट, आणि तीच माझ्या मते सगळ्यांत मोठी. तुम्ही आता लिहिता-वाचता. ती विद्या सही करण्यापुरती ठेवू नका. पेटीत वापरा.

प्रत्येक थप्पीवर चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा : कागद कोणता, ताव किती, कोणत्या तारखेला आणला. अक्षर मोठे काढा. घरात आजीला वाचता येत नसेल, तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्याच कागदाचा तुकडा चिकटवा. आजीलाही समजेल. तिला अडाणी म्हणून बाजूला बसवू नका. ती तुकडा बघेल, शेजारचे अक्षर बघेल. कोण जाणे, वर्षभरात तीही वाचू लागेल!

पेटीत एक वही ठेवा. पाच रकाने आखा : तारीख, जिन्नस, आले, गेले, शिल्लक. मग हिशेब बघा. समजा, एका कंदिलाला २ ताव लागतात. ५० कंदील करायचे आहेत. म्हणजे १०० ताव हवेत. एका दस्त्यात २४ ताव. ४ दस्त्यांचे ९६ होतात. ४ ताव कमी पडतात. म्हणून ५ दस्ते आणले, १२० ताव झाले. कंदील झाल्यावर २० ताव उरले. या २० तावांत पुढच्या वर्षीचे १० कंदील आहेत. ते कोरडे राहिले तर १० कंदिलांचा कागद घरचा. ओलीने गेले तर १० कंदिलांचा कागद पुन्हा विकत. आता सांगा, पेटीखाली चार विटा ठेवणे महाग की स्वस्त?

रीम घेताना ताव मोजून घ्या. २० दस्त्यांची रीम ४८० तावांची होते. पण हल्ली ५०० तावांचीही रीम मिळते. दुकानदाराला विचारा, "रीम कितीची?" विचारण्यात कमीपणा नाही. पूर्वी आपल्याला मोजता येत नव्हते, म्हणून आपण गप्प बसत होतो. आता का बसावे?

मंडळी, मिळवणे एक आणि राखणे एक. शेतकरी धान्य पिकवतो आणि कणगीत राखतो. मग कष्टाच्या पैशाचा कागद कोपऱ्यात का पडावा?

आज घरी गेल्यावर एवढेच करा. जो काही कागद असेल तो बाहेर काढा, झाडा, मोजा आणि एक चिठ्ठी लिहा. पुढच्या वर्गाला येताना ती चिठ्ठी घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.