साथीची पहिली खबर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु "घरातले बोला, चालेल," असा अध्यक्षाबाईंनी आग्रह केला, म्हणून घरातलाच विषय घेतला आहे. गावात साथ शिरली हे सर्वांत आधी कोणाला कळते? डॉक्टरांना, असे आपण म्हणू. माझे म्हणणे असे, की ते आधी आपल्याला कळते. पण आपण ते सांगत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीच्या धान्य वखारींच्या भागात उंदीर मरून पडू लागले होते. सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तेथील रोगी तपासून हा प्लेग आहे असे सांगितले. उंदरांच्या पिसवा हा रोग माणसांत आणतात हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. ते सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखविले. पुढे पुण्यात साथ गेली, घरोघर झडत्या झाल्या, माणसे उचलून नेऊ लागले. तेव्हा लोक भीतीने रोगी लपवू लागले. त्याच साथीत रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या.

ही जुनी गोष्ट झाली. पण १९९४ साल आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. त्याच्या आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला होता. मग १९९४ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी तक्रार केली, की घरात पिसवा फार झाल्या आहेत. उंदीरही मरत होते. गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी दिसले ते महिनाअखेरीस. म्हणजे खूण आधी आणि रोगी मागाहून. सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाचा प्लेग झाला, माणसे जीव मुठीत धरून पळाली, आणि देशात ५० च्या वर माणसे दगावली.

मी तेव्हा सातवीत होते. आमच्या एका नातलगांनी निरोप धाडला, "सध्या बीडकडचे कोणी येऊ नका." आईला फार लागले ते. आजाराची खबर दिली की माणसे आपल्याला दूर लोटतात, ही भीती अशी घरात शिरते.

सरकारने २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला. त्याची रीत सोपी आहे. गावातली आरोग्यसेविका ताप, जुलाब, कावीळ अशा लक्षणांवरून नोंद करते. आरोग्य केंद्राचे डॉक्टर तपासून नोंद करतात. प्रयोगशाळा रक्ता-पाण्याची तपासणी करून नोंद करते. तिन्ही नोंदी जिल्ह्याला जातात. पूर्वी त्या आठवड्याने जात, २०२१ पासून संगणकावर रोजच्या रोज भरण्याची सोय झाली. पण आपण तालुक्याच्या खासगी दवाखान्यात गेलो, किंवा दुकानातून गोळी आणून गप्प बसलो, तर ती नोंद कोठे व्हावी? वही कोरी म्हणजे गाव निरोगी, असेच वर दिसणार.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या गल्लीत एका घरी सासूबाईंना जुलाब झाले, दुसऱ्या घरी पोराला. जिला तिला वाटले, सणाचे जड खाणे बाधले. नळावर हंडे भरताना बोलणे निघाले तेव्हा कळले, की घरे एक-दोन नव्हेत, पाच आहेत! आशाताईंना त्याच दिवशी सांगितले. पाहतात तो गटाराजवळ नळाचा पाइप फुटलेला. पाणी बंद करून टीसीएल पावडर टाकली, सगळ्यांनी पाणी उकळून प्यायले. पाचाची सहा घरे झाली नाहीत. तेथे यंत्र नव्हते, नळावरचे बोलणे होते.

भारतातून देवी गेली तीही अशीच. माणसे घरोघर फिरून, चित्र दाखवून विचारीत, "असा रोगी पाहिला का?" खबर देणाऱ्याला बक्षीस असे, ते शेवटी १००० रुपयांपर्यंत गेले. १९७५ नंतर आपल्याकडे देवीचा रोगी नाही. खबर देणाऱ्याचा मान केला, तेव्हा खबर मिळाली.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना अशी. मंडळाने एक वही घालावी. प्रत्येक गल्लीतली एक बाई नेमावी. एका आठवड्यात दोन-तीन घरी सारखाच आजार, उंदीर किंवा कोंबड्या मरणे, पाण्याला वास वा रंग येणे, टँकरच्या पाण्यानंतर पोटे बिघडणे, एवढेच तिने लिहावे आणि त्याच दिवशी आशाताईंना सांगावे. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नये. वहीत घराचे नाव लिहू नये, गल्ली लिहावी. म्हणजे कोणाच्या लेकीचे लग्न अडायचे नाही की कोणाचे दूध बंद व्हायचे नाही.

आणि आरोग्य केंद्राकडेही मागणे आहे: आम्ही कळविले त्याचे पुढे काय झाले, तेही आम्हाला कळवावे. उत्तर आले नाही तर बाई दुसऱ्यांदा सांगायला जात नाही.

चतुर्थीला भालचंद्राच्या दर्शनाला बाहेरगावची किती माणसे येतात! आपल्या गावचा आजार आपल्याच गावात राहत नाही. वहीचा खर्च मी देते. गल्ली घेणाऱ्या बायांनी आजच नावे द्यावीत, एवढे बोलून मी आपली रजा घेते.