मोटारीचे दुखणे ओळखण्याचे नवे साधन

दर्शकफलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की मोटारधारक गोंधळतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या मोटारींत दोषनिदानाची ‘ओबीडी’ व्यवस्था असतेच. तिचे सोळा टोकांचे सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली आढळते.

गाडी उभी असताना त्यात ब्लूटूथ अडॅप्टर बसवून किल्ली फिरवावी. अँड्रॉइड स्मार्टफोनच्या ब्लूटूथ यादीतून अडॅप्टर निवडावा. संकेतांक बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. नंतर निदानाच्या अ‍ॅपमध्ये तोच अडॅप्टर निवडावा. आयफोनशी जुन्या धर्तीचा ब्लूटूथ अडॅप्टर बहुधा जुळत नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा घ्यावा.

समजा, ‘पी०३०१’ हा संकेत आला. पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे तपासूनच ठरते. म्हणून संकेत लिहून घ्यावा व मेकॅनिकला दाखवावा. म्हणजे विनाकारण सुटे भाग बदलण्याचा खर्च टळेल. संकेत पुसल्याने दिवा विझतो, दोष जात नाही. उलट दोषाच्या क्षणाची नोंदही नाहीशी होते.

काम आटोपताच अडॅप्टर काढावा. तो बॅटरी खातो, आणि १२३४ हा संकेतांक परक्यालाही ठाऊक असतो!