हजेरी कोण घेणार?

मी आत्ता बोलते आहे त्या खोलीला खिडकी नाही. समोर मायक्रोफोन आहे. तुम्ही मला दिसत नाही. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यामुळे समोर चेहरे असण्याची सवय आहे. सांगितलेलं पोचलं की नाही हे पोरांच्या डोळ्यांतच कळायचं. इथे तो आधार नाही. म्हणून आज मला १९३७ सालच्या शिकागोतल्या शिक्षकांची गोष्ट सांगावीशी वाटते. तेही असेच, न दिसणाऱ्या मुलांशी बोलत होते.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता शिकागो शहरात पोलिओची साथ आली. पोलिओची लस यायला अजून अठरा वर्षं होती. तो पसरतो कसा, याविषयी डॉक्टरांनाही पक्कं सांगता येत नव्हतं. एवढंच दिसत होतं की तो लहान मुलांना गाठतो आणि पाय अधू करून जातो. शाळा सुरू व्हायच्या बेतात असताना शहराच्या आरोग्य मंडळाने त्या उघडू नयेत असा आदेश काढला. अमेरिकेत शाळांचा कारभार आपल्यासारखा दिल्ली-मुंबईहून, दुरून चालत नाही. त्या त्या भागाचं शालेय मंडळ असतं, त्याचा एक अधीक्षक असतो, आणि अशा वेळी काय करायचं ते बहुतांशी तिथल्या तिथे ठरतं. शिकागोत विल्यम जॉन्सन अधीक्षक होते. शाळा बंद राहणार हे ठरल्यावर त्यांच्यापुढचा खरा प्रश्न सुरू झाला.

त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. याच शिकागोने १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत शाळा चालू ठेवल्या होत्या. न्यूयॉर्कनेही ठेवल्या. तिथले आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचं म्हणणं असं, की मुलं शाळेत आली तर रोज डॉक्टर आणि परिचारिकांच्या नजरेखालून जातात. तीच घरी राहिली तर दाटीवाटीच्या चाळीत आणि गल्लीत राहतात, तिथे त्यांना कोण तपासणार? तो इन्फ्लुएंझा तरण्याताठ्या माणसांना जास्त नेत होता, पोलिओ मुलांना धरत होता. एकाच शहराने एकोणीस वर्षांत दोन उलटे निर्णय घेतले, आणि दोन्ही वेळा विचार करून घेतले. ‘शाळा बंद करायच्या की नाही’ याचं कायमचं उत्तर कुणी देऊ लागलं की मला हे शहर आठवतं. आधी रोग कोणता ते विचारायला हवं, आणि मग मूल घरी सुरक्षित आहे का, तेही.

तर १९३७. शहरातल्या सहा रेडिओ केंद्रांनी आपला वेळ विनामूल्य देऊ केला. सप्टेंबरच्या तेरा तारखेपासून तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ सुरू झाले. मुलांची संख्या होती तीन लाखांवर. एका दिवशी सामाजिक शास्त्र आणि विज्ञान, दुसऱ्या दिवशी इंग्रजी आणि गणित. कवायतसुद्धा रेडिओवरून! वर्तमानपत्रांत रोज सकाळी वेळापत्रक छापून यायचं, त्याबरोबर पाठाचा गोषवारा आणि सोडवायचे प्रश्न. मुलांनी ते घरी सोडवायचे आणि शाळा उघडली की वह्या दाखवायच्या. कुठला शिक्षक काय बोलणार हे विषयवार समित्या ठरवत होत्या, आणि प्रसारण ऐकून चुका टिपणारेही नेमले होते. एवढं सगळं काही दिवसांत उभं राहिलं. मी स्वतः शाळा चालवली आहे. नुसत्या एका स्नेहसंमेलनाची जुळवाजुळव करताना किती दमायला होतं ते मला माहीत आहे, त्यामुळे त्या माणसांविषयी मला अपार आदर वाटतो.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्यांचा टेलिफोन. मंडळाने एक नंबर जाहीर केला आणि तिथे सोळा शिक्षक बसवले. पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले, आणखी शिक्षक आणून बसवावे लागले. बोलणारे बहुतेक आया आणि वडील. कुणाच्या रेडिओला नुसती खरखर. कुणाचं मूल सांगत होतं, मास्तर फार भरभर बोलतात, लिहून होईपर्यंत पुढे जातात. वर्गात मुलगा हात वर करून म्हणतो, “सर, पुन्हा सांगा.” रेडिओला हात दिसत नाही. त्या फोनमुळे निदान काही हात दिसले.

ज्यांच्या घरी रेडिओच नव्हता, त्यांच्याकडून मात्र तक्रारसुद्धा येणं अवघड होतं. ज्याच्याकडे रेडिओ नाही त्याच्याकडे टेलिफोन कुठून असणार? तीन आठवड्यांच्या सुमाराला शाळा भरू लागल्या आणि तो प्रयोग संपला. कोण किती शिकलं याचा हिशेब कधीच नीट लागला नाही. पाठ दिले गेले, हजेरी घेतली गेली नाही.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचं २०२० साल उभं राहिलं. मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे आपल्या राज्यातल्या शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा सुरू करायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. शिकागोचे तीन आठवडे कुठे आणि आपले वीस महिने कुठे! आपल्याकडेही माणसांनी जीव ओतून काम केलं. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकवली गेली. सोलापूरच्या नीलमनगरात कामगारांच्या घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले गेले. पोरं भिंतीपुढे उभी राहून वाचायची. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिवर्धक लावून कविता आणि गोष्टी ऐकवल्या गेल्या. भिंत बघायला फोन लागत नाही, आणि भोंगा ऐकायला रिचार्ज.

आमच्या शाळेत आम्ही पहिले काही महिने पालकांच्या मोबाइलवर अभ्यास पाठवत होतो. वरून विचारणा व्हायची: किती पाठ पाठवले? आम्ही आकडा कळवायचो. आकडा चांगला असायचा. तिसरीतली एक मुलगी होती, गणितात फार हुशार. तिच्या घरी एक फोन, तो वडिलांबरोबर सकाळी वीटभट्टीवर जायचा आणि रात्री यायचा, तोवर ती झोपलेली. आमच्या आकड्यात ती ‘पोचलेली’ होती. हे मला कळलं दिवाळीनंतर, तेही तिची आई बाजारात भेटली म्हणून. त्या दिवशी घरी येऊन मी हजेरीपट काढला आणि एकेका नावापुढे लिहीत गेले: फोन कुणाचा, घरी किती वाजता असतो, शेजारी मोठं मूल कोण आहे. एकतीस नावांपैकी अकरा जणांपुढे मला काहीच लिहिता येईना. नऊ महिने होत आले होते आणि मला माझ्या वर्गातल्या अकरा मुलांचा पत्ता नव्हता.

त्यानंतर आम्ही तिघी शिक्षिकांनी वस्त्या वाटून घेतल्या. आठवड्यातून दोनदा, तोंडाला मास्क लावून, दारातूनच. वही तपासायची, नवा अभ्यास द्यायचा, मूल जेवलंय का ते बघायचं. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ न्यायला पालक शाळेत येत, त्या दिवशी वह्या त्यांच्याच पिशवीतून पाठवायला लागलो. हे आधी सुचायला हवं होतं. तांदूळ सगळ्यांच्या घरी पोचत होता, त्याची सही घेतली जात होती. अभ्यासाची सही कुणी मागितली नव्हती.

आता माझी एकच मागणी आहे. पुढच्या साथीत शाळा बंदचा आदेश निघेल, आणि निघावाही लागेल कदाचित. त्या आदेशासोबत दुसरा कागद त्याच दिवशी प्रत्येक शाळेत जावा. त्यावर पटावरचं एकेक नाव असावं, आणि नावापुढे लिहिलेलं असावं की या मुलापर्यंत कोण, कशाने, कोणत्या वारी पोचणार आहे. रिकामी जागा राहिली तर शिक्षकाने त्या घरी जावं, आणि त्याला जाता येईल अशी सोय वरच्यांनी करावी. शाळा उघडण्याची तारीख काढताना त्या रिकाम्या जागा मोजाव्यात.

त्या अकरांपैकी नऊ जण २०२१च्या डिसेंबरात वर्गात आले. दोघांची घरं ऊसतोडीला गेली होती. त्यांची नावं मी पटावरून काढली नाहीत.