वृद्धांचें घर हलतें तेव्हां

घर बदलावयाचें ठरलें म्हणजे कर्त्या मंडळींची पहिली चिंता सामानाची असते. कोणतें कपाट जिन्यांतून उतरेल, काचेचीं भांडीं कशांत बांधावीं, टेंपोच्या किती खेपा होतील, यांच्या याद्या होतात. त्या पुऱ्या झाल्यावर कोणास तरी आठवण होते कीं, आजोबांचें काय? मग एकमतानें ठरतें, गडबड संपेपर्यंत त्यांस थोरल्या लेकीकडे ठेवावें आणि घर लागलें कीं आणावें. यांत हेतु वाईट नसतो. म्हाताऱ्या जिवास दगदग नको, ही कळकळच असते. तथापि या युक्तीनें त्यांचें एक स्थलांतर टळत नाहीं. एकाचीं दोन होतात. शिवाय जुनें घर रिकामें झालेलें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें नसतें. नव्या घरीं आल्यावर "आतां घरीं केव्हां जावयाचें?" असें ते दहा वेळां विचारूं लागले, तर त्यांत नवल कसलें?

स्थलांतरानें वृद्धांस होणारा हा त्रास म्हणजे केवळ हट्ट किंवा हळवेपणा नव्हे. उत्तर अमेरिकेंतील परिचारिकांच्या निदान-संस्थेनें १९९२ सालीं त्याचा समावेश शुश्रूषेच्या मान्य निदानांत केला. झोप उडणें, अन्नावरची वासना जाणें, बोलणें तुटणें, दिवस-रात्रीचा घोळ होणें, हीं त्याचीं लक्षणें. त्याचें एक कारण अगदीं साधें आहे. ऐंशी वर्षांचें माणूस जुन्या घरांत डोळ्यांनीं फारसें चालत नसतें; तें सवयीनें चालत असतें. रात्रीं उठलें कीं डावीकडे सहा पावलें, मग हाताला चौकट, मग मोरीचा उंबरा, हा हिशेब पायांनींच पाठ केलेला असतो. नव्या घरीं डोळे तेच, गुडघे तेच, परंतु पाठांतर नाहीं. "इथें आल्यापासून आजी एकदम खचल्या," असें घरचे म्हणतात. वास्तविक त्या पूर्वींच खचलेल्या होत्या. जुनें घर त्यांस सांवरून धरीत होतें, इतकेंच.

सांवरून धरणारी दुसरी गोष्ट म्हणजे शेजार. मुंबईंतील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकांत बांधल्या गेल्या. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाइक. पुनर्विकासांत त्या रहिवाशांस ५०० चौरस फुटांचीं घरें देण्याची योजना झाली. उतारवयांत सामाइक संडासाच्या रांगेत उभें राहणें किती क्लेशाचें असतें, हें ज्यांनीं भोगलें त्यांस या बदलाचें मोल कोणीं सांगावयास नको. चाळीच्या आठवणींनीं गहिंवरणारे लोक बहुधा ती सोडून गेलेले असतात. परंतु चाळीच्या व्हरांड्यांत एक व्यवस्था न मागतां मिळत असे: सकाळीं आठपर्यंत दार उघडलें नाहीं, तर शेजारीण कडी वाजवी. उंच इमारतींत बंद दार हीच नित्याची गोष्ट. तें कोणास कांहींच सांगत नाहीं. मध्यंतरींच्या संक्रमण शिबिरांत तर शेजारीहि नवे. करारांत चौरस फूट लिहिलेले असतात, कडी वाजविणारी शेजारीण लिहिलेली नसते.

हें बंद दार किती गंभीर ठरूं शकतें, याचा दाखला जपानांतील कोबे शहरानें दिला. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे तेथें भूकंप झाला आणि ६,४०० हून अधिक माणसें मेलीं. बेघरांसाठीं सुमारे ४८,००० तात्पुरतीं घरें उभारण्यांत आलीं. सोडतींत वृद्ध व अपंग यांस अग्रक्रम द्यावा, असा नियम झाला. यापरतें दयाळू धोरण कोणतें? परंतु परिणाम विपरीत झाला. निरनिराळ्या गल्ल्यांतील म्हातारीं माणसें शहराबाहेरच्या मोकळ्या जागेंत, एकमेकांस अनोळखी अशीं, ओळीनें राहावयास गेलीं. हांक मारणारें तरुण शेजारपाजार मागें राहिलें. कोणाच्या नकळत एकाकी येणाऱ्या मरणास जपानी भाषेंत 'कोदोकुशी' म्हणतात; त्या तात्पुरत्या घरांत सुमारे पांच वर्षांत असे २३० हून अधिक मृत्यु नोंदले गेले.

याच वस्त्यांत कुरोदा हिरोको या परिचारिका काम करूं लागल्या. जवळच्या ताकाराझुका नगराच्या रुग्णालयांतील वरिष्ठ पद सोडून त्या भूकंपानंतर निराश्रितांत आल्या आणि हजाराहून अधिक घरांच्या सेइशिन येथील वस्तींत त्यांनीं रात्रंदिवस देखरेखीची व्यवस्था उभी केली. रहिवाशांत जवळजवळ निम्मे वृद्ध होते. अशा ठिकाणीं शुश्रूषा म्हणजे औषधपाणी कमी आणि दारोदार फिरणेंच अधिक. कालचें वर्तमानपत्र दारांतच आहे काय, धुणें रात्रभर दोरीवर राहिलें काय, भर दुपारीं दिवा कां जळतो, हें पाहावयास पदवी लागत नाहीं. परंतु तें पाहण्याचें काम कोणाचें तरी ठरलेलें असावें लागतें. कुरोदाबाई २०१४ सालीं वारल्या. कोबेचा धडा वायां गेला नाहीं: २००४ सालीं नीगाता प्रांतांतील भूकंपानंतर यामाकोशी गावच्या लोकांस तात्पुरतीं घरें देतांना एकेका वाडीचे लोक एकत्र ठेवण्यांत आले.

मार्च २०११ मध्यें फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्राचा अपघात झाला, त्या वेळीं याहून कठोर प्रसंग ओढवला. केंद्रापासून पांच किलोमीटरांच्या आंत फुताबा नांवाचें रुग्णालय होतें. चालूं शकणारे रुग्ण १२ तारखेस हलविले गेले. अंथरुणास खिळलेले मागें राहिले. त्यांपैकीं अनेकांस १४ तारखेस बसगाड्यांत बसवून, लांबच्या वळणानें दोनशेंहून अधिक किलोमीटर फिरवून, एका शाळेंत उतरविण्यांत आलें. आडवें पडण्याची सोय नाहीं, पाणी पाजणारें माणूस नाहीं, आणि कोणास कोणता आजार हें सोबतच्यांस ठाऊक नाहीं. महिनाअखेर सुमारे ४० रुग्ण दगावले. ते किरणोत्सर्गानें मेले नाहींत. शुश्रूषा तुटल्यानें मेले.

त्याच भागांतील मिनामी-सोमा येथील पांच शुश्रूषागृहांचा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. हलविलेल्या वृद्धांतील मृत्यूंचें प्रमाण एकंदरींत पूर्वींच्या सुमारे २.७ पट झालेलें आढळलें. परंतु सर्व गृहांचा अनुभव सारखा नव्हता. एका ठिकाणीं तें वाढलेंच नाहीं. प्रवास किती लांबचा होता यानें विशेष फरक पडलेला दिसला नाहीं. म्हणजे मैलांची भीति बाळगण्याचें कारण थोडें. जातांना तयारी काय होती आणि पोंचल्यावर हातीं कोण घेतो, हें अधिक महत्त्वाचें.

शहरांतील एका कुटुंबाचें बिऱ्हाड म्हणजे कांहीं अणुकेंद्राचा अपघात नव्हे. परंतु तयारी त्याच जातीची लागते, आणि सुदैवानें तिला वेळहि असतो. निघण्यापूर्वीं वृद्धांस नवी जागा दोन-तीनदां दाखवावी. शक्य तर तेथें बसून चहा घ्यावा. औषधें, त्यांच्या वेळा लिहिलेला कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, कवळी आणि कानाचें यंत्र हीं सामानांत कधींहि बांधूं नयेत. तीं सोबतच्या पिशवींत असावीं. वृद्धांची खोली सर्वांच्या शेवटीं आवरावी आणि सर्वांच्या आधीं लावावी. पलंग असा ठेवावा कीं, जुन्या घरीं ज्या बाजूनें उतरावयाची सवय होती, तीच बाजू येथेंहि मोकळी राहील. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा, वाटेंत सतरंजी नसावी, आणि पहिले कांहीं दिवस कोणीं तरी जवळ निजावें. अंथरुणास खिळलेलें माणूस असेल, तर प्रवासांतहि दर दोन तासांनीं कूस बदलावयास हवी, नाहीं तर पाठीला जखमा होतात.

एका गोष्टीबद्दल विशेष सावध असावें. नव्या घरीं दोन दिवसांत माणूस एकाएकीं बरळूं लागलें, दिवसा गुंगींत आणि रात्रीं अस्वस्थ राहूं लागलें, तर "जागा मानवली नाहीं" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. गडबडींत पाणी कमी प्यालें असेल, लघवीच्या मार्गांत रोगजंतूंचा उपसर्ग झाला असेल, एखादी गोळी चुकली असेल. त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. असा भ्रम पुष्कळदां उतरतो.

राहिला शेजार. आजोबांस घेऊन पहिल्याच आठवड्यांत मजल्यावरच्या दोन घरीं जाऊन यावें. नांव-गांव सांगून न थांबतां, आपलें दार सकाळीं किती वाजतां उघडतें, हेंहि सांगून ठेवावें.